बोटीसाठी घर शोधायला चार दिवस फिरलो, अन् साडेपाचशे मीटर चिखल तुडवून आलो

आधी कामाचं सांगतो, रडगाणं नंतर. नागपूरच्या आसपास पाण्याकाठी प्लॉट किंवा घर पाहून राहिले असाल, म्हणजे रोज नाही तर निदान आठवड्यातून दोनदा पाण्यात उतरता यावं म्हणून, तर ऑक्टोबरात पाहू नका. दलाल ऑक्टोबर-नोव्हेंबरातच दाखवतात, कारण तेव्हा धरण काठोकाठ असतं अन् प्लॉटच्या कुंपणापर्यंत पाणी चमकत असतं. मे मध्ये जा. उन्हानं जीव जाईल, पण खरं काय ते मे मध्येच दिसतं.

आम्ही राहतो बेसा भागात, म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाला. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा पॅडलिंगचा, म्हणजे वल्ही मारत फिरायचा नाद लागला, नागपूरला परत आल्यावर दोन माणसांची हवा भरायची कयाक, म्हणजे अरुंद बोट घेतली, सोळा किलोची, बॅगेत मावते. मागच्या ऑक्टोबरात एकानं कुही तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे मागं फुगलेल्या पाण्याला लागून प्लॉट दाखवला. काय नजारा होता! "साहेब, दारातून बोट सोडा," असं म्हणाला तो. बायको पण फिदा. मी टोकन देऊन मोकळा होणारच होतो, पण साळा म्हणाला, "भाऊजी, एक उन्हाळा पाहून घ्या ना, तुम्हाला कुठं पळून जायचंय." त्याचं ऐकलं, नाहीतर आज हे सगळं वेगळ्या आवाजात लिहिलं असतं.

तर मे च्या पहिल्या आठवड्यात सुट्टी टाकून चार दिवस फिरलो, मी अन् साळा, कयाक डिक्कीत. तुम्हाला पोहता येतं, दोन तास सलग पॅडल मारता येतं अन् लाईफ जॅकेट स्वतःचं आहे असं धरूनच लिहितोय. ज्याला पाय सोडून बोटीत बसायचं अन् फोटो काढायचे त्यानं रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर तिकीट काढावं, त्याच्यासाठी हे नाही.

पहिला दिवस शहरातच गेला, पटकन उरकतो. फुटाळ्याला कारंजं, गर्दी, मक्याची कणसं अन् बाईकवाले पोट्टे, आपली बोट उतरवायचा प्रश्नच नाही. गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा, तो विषय नाही. अंबाझरीवर जीव आहे आपल्या सगळ्यांचा, 1870 सालचा बांध आहे तो, पण तिथं घर घेऊन राहीन म्हणणाऱ्यानं सप्टेंबर 2023 ची ती रात्र आठवावी. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, अन् पहाटे अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या लोकांच्या हॉलमध्ये पाणी. लेक व्ह्यू म्हणून फ्लॅट विकतात, पण तो फ्लॅट बांधाच्या वरच्या अंगाला आहे का खालच्या हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. खालच्या अंगाला असेल तर बोट एक दिवस घरातच लागेल. नको.

दुसरा दिवस जबलपूर रोड. पहाटे पाचला निघालो, कामठी, कन्हान, मनसर, तिथून उजवीकडे रामटेक. खिंडसीला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं नव्हतं अन् खरं सांगू का, पाणी पाहून दोघं पण गप्प झालो. तीन बाजूंनी टेकड्या, मे महिना असून पाणी काठापासून फार मागं गेलेलं नाही. का, तर टेकडीचा काठ चढाचा, उभा असतो. हा हिशोब नीट समजून घ्या, मला उशिरा समजला. पाण्याची पातळी चार मीटर खाली गेली अन् काठ चढाचा असला तर पाणी दहा-वीस पावलं मागं सरकतं. तीच चार मीटर सपाट वावरासारख्या काठावर, जिथं शंभर मीटरला एक मीटर उतार आहे तिथं, पाणी चारशे मीटर मागं जातं. धरण तेच, पाणी तेवढंच उतरलं, पण एका काठावर तुम्ही बोटीत अन् दुसऱ्या काठावर गुडघाभर रेंद्यात.

तिथून पुढं पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणावर अन् पेंचच्या जंगलातल्या कोलितमाऱ्याला पण जाऊन आलो. खैरीचं पाणी नागपूर पितं, तिथं आपली बोट काढून हवा भरायला लागलात तर कोणीतरी हटकणारच, अन् बरोबरच आहे ते. कोलितमाऱ्याला वनखात्याची बोट आहे, बसून या, सुंदर आहे, पण त्यांच्या बोटीत. वरचं तोतलाडोह धरण वाघाचं आहे अन् मगरीचं. तिकडं बंगला बांधायची स्वप्नं पाहणाऱ्याला दुरून नमस्कार.

एक लुबाडणुकीचा किस्सा याच चार दिवसांतला, जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काठावर गाडी लावली, पार्किंगचे 50 घेतले, ठीक. कयाक काढली तर एक जण आला, म्हणे बोट उतरवायचे 300. पावती? नाही. बरं म्हणून दिले. हवा भरून होते तर दुसरा आला, म्हणे ते 300 त्याचे, माझे वेगळे, मी मासेमारीवाला. परत येतो तर पहिलाच पुन्हा, म्हणे दोन माणसांची बोट आहे न, मग 600. साळा भांडायला उठला, मी ओढत नेला त्याला. नंतर चहाच्या टपरीवर एकानं समजावलं ते लक्षात ठेवा: एका तलावाचे तीन मालक असतात. धरण अन् पाणी जलसंपदा खात्याचं, मासे मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात, अन् बोटिंगचा ठेका असला तर तो तिसऱ्याचा. खरी परवानगी विचारायची ती जलसंपदा खात्याकडं, अन् लेखी. मासेमारी संस्थेच्या लोकांना आधी भेटून घ्या, पैशासाठी नाही तर जाळी कुठं लागलीत ते कळावं म्हणून. तिसरा जो आपोआप उगवतो त्याला फक्त विचारायचं, "पावती बुक दाखवा भाऊ." मी विचारलं नाही अन् चिडून 600 देऊन आलो, अजून चरफड होते.

आता तिसरा दिवस. याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

कुही, वेलतूर करत त्या प्लॉटवर पोचलो पहाटे साडेपाचला. कुंपण तेच, दलालाचा बोर्ड तोच. पाणी नाही. म्हणजे आहे, पण तिकडं लांब, चांदीच्या रेघेसारखं. सामोर सगळी गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात केलेली शेती, टरबूज अन् काकडीचे वेल, त्याच्या पुढं भेगा पडलेली जमीन. फोनवर मोजलं, सरळ रेषेत साडेपाचशे मीटर. साळा म्हणे, "भाऊजी, दारातून बोट सोडा." मी काही बोललो नाही.

तिथूनच फिरलो असतो तर शहाणे. पण इतक्या लांब आलोच आहोत तर, या एका वाक्यानं माणसं मरतात. बॅग खांद्यावर, पंप, पॅडल, पाच लिटर पाणी. पहिले तीनशे मीटर मस्त, कोणाच्या वेलावर पाय पडू नये एवढंच पाहायचं, ती लोकांची रोजीरोटी आहे. मग जमीन वरून वाळलेली दिसते पण खाली नरम, पापडासारखी. पाय टाकला की घोट्यापर्यंत. पन्नास पावलांनी पिंडरीपर्यंत. मग गुडघा. माझी डावी सँडल तिथंच राहिली, काढायला वाकलो तर दुसरा पाय आणखी आत. शेवटच्या शंभर मीटरला चाळीस मिनिटं लागली, बॅग स्लेजसारखी ओढत. एक गोष्ट चांगली झाली की साळ्याला सुचलं, बोट तिथंच फुगवू अन् तिच्यावर छाती टेकवून ढकलत जाऊ. वजन पसरतं, माणूस रुतत नाही. कधी अडकलात तर हेच करा, उभं राहून पाय उपटत बसू नका.

पाण्यात उतरलो तर तिथं पण सुख नाही. बुडीत क्षेत्रातली वाळलेली झाडं उभी आहेत, ती दिसतात, पण वीतभर पाण्याखाली राहिलेले खुंट दिसत नाहीत, अन् हवेच्या बोटीला एक खुंट पुरे. जाळी थर्माकोलच्या तुकड्यावर बांधलेली, पॅडल अडकलं की बोट गर्रकन फिरते. अन् जलकुंभी, म्हणजे जलपर्णी. ती आपलीच कृपा आहे, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत, अन् तिथून सगळं गोसेखुर्दच्या पोटात. म्हणजे माझ्याच शहराच्या मोरीचं पाणी सत्तर किलोमीटर लांबून मला पॅडलला गुंडाळून परत मिळालं.

परत यायला निघालो तर नऊ वाजून गेले, ऊन तापलेलं, पुन्हा तोच चिखल. तेवढ्यात एक म्हातारे काका डोंग्यातून आले, ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे. आमच्याकडे पाहून हसलेच. म्हणे, "अरे पोट्टेहो, तिकून कायले जाता, सडक हाये न." सडक? त्यांच्या मागं गेलो तर खरंच, दोनशे मीटर डावीकडं पाण्यातून काळा डांबरी रस्ता वर आलेला, जुना, बुडालेल्या गावाचा. पावसाळ्यात पाण्याखाली, उन्हाळ्यात उघडा, कडक, सरळ पाण्यात उतरतो, कोणी बांधला नसता इतका चांगला रॅम्प. घोटा पण न भिजवता वर आलो. काकांना म्हटलं गाव कोणतं होतं, तर नाव सांगितलं, पुनर्वसनात आता पंधरा किलोमीटरवर राहतात, रोज मोटरसायकलनं येतात मासे धरायला. हात करून दाखवलं, त्या दोन झाडांच्या मधात माझं घर. पैसे घेईनात, मग त्यांच्याकडचे झिंगे घेतले दोन किलो, बर्फ नव्हता, घरी येईस्तोवर वास सुटला, तो वेगळा विषय.

तर गोसेखुर्दच्या बाजूनं जाणाऱ्यांनी नकाशात प्लॉट शोधू नका, जुने रस्ते शोधा. सॅटेलाईट फोटोची तारीख बदलून मे चा फोटो पाहा, डांबरी रेघ पाण्यात शिरताना दिसेल, तिथंच उतरा. अन् जमीन घ्यायचीच असेल तर दलालाचं तोंड पाहण्याआधी सातबारा पाहा, पूररेषा कुठं आहे ते विचारा, संपादित जमीन तर नाही ना ते तलाठ्याकडून पक्कं करा. आमच्या दलालाला सांजच्याला फोन केला तर काय म्हणावा, "साहेब, उन्हाळ्यात कायले गेले तुम्ही, पाऊस पडू द्या न."

चौथ्या दिवशी नवेगाव बांध. गोंदिया जिल्हा, जुना तलाव, कोलू पाटलानं बांधलेला म्हणतात. छान होता दिवस. पण सव्वाशे किलोमीटरच्या वर जाणं अन् तेवढंच येणं, दर आठवड्याला कोण करणार, नोकरी सोडून राहायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक, शिडाची बोट डोक्यात असेल तर विदर्भ विसरा. भोपाळला जा, मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग शाळा आहे, अन् 2023 मध्ये हरित लवादानं तिथं क्रूझ अन् मोटरबोटी बंद केल्या, म्हणजे शिडवाल्यांना अन् पॅडलवाल्यांना मोकळं पाणी. साडेतीनशे किलोमीटर. मी जाणार नाही, आई इथं आहे.

उन्हाळ्यात हवेची बोट पूर्ण कडक भरू नका, काठावर उन्हात ठेवली की आतली हवा फुगते अन् शिवण सुटते, थोडी ढिली ठेवा, पाण्यात गेल्यावर पुन्हा भरा. दुपारी एक-दीडनंतर पाण्यात थांबू नका, अवकाळीचं वादळ नागपुरात सांगून येत नाही अन् हलकी बोट वाऱ्यासमोर पतंग होते. अन् जॅकेट घातल्याशिवाय एक पाऊल नाही, 2017 च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटून तरुण पोरं गेली ते विसरायला नको.

तर निकाल. पाण्याकाठी काहीच घेत नाही. आमची अडचण पाणी दूर आहे ही नव्हतीच, बेसा चुकीच्या टोकाला आहे ही होती. खिंडसीला जायला आम्ही आधी अख्खं शहर ओलांडतो, पाऊण तास त्यातच. म्हणून आता ऑटोमोटिव्ह चौकाच्या पलीकडे, कामठी रोडच्या बाजूला भाड्यानं पाहून राहिलो, तिथून मनसर पहाटेच्या वेळी एका दमात होतं, अन् बायकोला ऑफिसला मेट्रो पण. रामटेकला पण दोन घरं पाहिली, स्वस्त होती, पण पोराची शाळा अन् आईचा डॉक्टर दोन्ही नागपूरला, मग रोज उलटी धावपळ.

घर पाहताना मालकाला फक्त एक गोष्ट न विसरता विचारा, गच्चीची चावी कोणाकडं असते. ओली कयाक वाळवायला साडेतीन मीटर जागा लागते, नाही वाळवली तर दोन दिवसांत बुरशी. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी चावी देत नाही, त्यामुळे सध्या बोट गॅलरीत उभी आहे, चिखलासकट, अन् बायको कपडे शेजारच्या काकूंच्या दोरीवर वाळवून राहिली.