स्क्रू पंपात घट्ट गाळ पुढे सरकतो कसा
हिंगणा एमआयडीसीत पंप रिपेअरचं काम करतो, अन त्यात मला सगळ्यात आवडतो तो सिंगल स्क्रू पंप, १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या रेने मोयनो यांनी शोधलेला. आत स्टीलचा पिळदार रोटर (फिरणारा भाग), बाहेर रबराचा स्टेटर (न फिरणारा भाग), रोटरला एक आटा तर स्टेटरला दोन, म्हणून दोघांच्या मध्ये बंद कप्पे तयार होतात आणि रोटर फिरला की ते कप्पे गाळासारखा माल फारसा न घुसळता इनलेटकडून आउटलेटकडे सरकत जातात. स्पीड वाढवला की डिस्चार्ज, म्हणजे बाहेर पडणारा मालही, त्याच हिशोबात वाढतो, काय सुंदर डिझाइन आहे!

पण राजेहो, हा कोरडा चालवू नका, रबर आतल्या लिक्विडनेच थंड राहतं, नाहीतर थोड्याच वेळात जळतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह (आउटलेटकडचा) बंद ठेवून तर कधीच सुरू करू नका, प्रेशर चढतच जातं, जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह पाहिजेच.