फॉर्मेलिन पुन्हा आलं

पावसाची दुपार, शीतकडी जेवून अंग टेकलं, तोच वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर फॉर्मेलिन आलं. पुन्हा. प्रेतं टिकवायचं ते रसायन मासळीला लावतात म्हणे. ‘मासळी खाऊ नका, सर्वांना कळवा!!!’ तारीख नाही, गाव नाही.

हा ग्रूप खरं तर वीज कधी जाणार, नळ कधी येणार, एवढ्यासाठी काढलेला. असलं काही पडलं की शहाणे गप्प बसतात. उत्तर दिलं की वाढतं म्हणे. खोटं नाही. आमचे निवृत्त मास्तर ‘याला आधार काय?’ एवढंच विचारतात आणि रात्रीपर्यंत जुंपते. त्यात आधार सोडून सगळं निघतं. मला ती भांडणं वाचायला आवडतात, ते सोडा.

लहानपणी अशी पोस्टकार्डं यायची. १५ पैशांचं कार्ड, वर देवाचं नाव, खाली दम: अकरा प्रती काढून पाठवा, अमक्याने पाठवल्या नाहीत, त्याचा बैल मेला. आजी ते न वाचताच न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली, चुलीत सारायची. आत्या मात्र सोप्यावर बसून गुपचूप प्रती काढायची. अक्षर चुकलं की बोट जिभेला लावून शाई पुसायची, मग जिभेचं टोक दिवसभर निळं. आमच्याकडे बैल नव्हता, तरी. पण कार्डांना पैसे पडायचे, हात भरून यायचा. अकरावर ती थांबायची.

२०१८ च्या जुलैत गोव्यात मडगावच्या घाऊक मासळी बाजारात फॉर्मेलिनचं प्रकरण झालं, सरकारने बाहेरच्या मासळीवर पंधरा दिवस बंदी घातली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डला एका वेळी पाचाची मर्यादा जाहीर केली. पाचाचे पंचवीस व्हायला कितीसा वेळ लागतो! ट्रॉलर नांगराला लागले, बाहेरची मासळी यायला लागली, की तो मेसेज अजून उगवतो.

दारावर येणाऱ्या मासळीवालीचा मुलगा याच ग्रूपात आहे. पावसात ती खाडीतले शेवटे नावाचे मासे आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणते, ट्रकातल्या मासळीशी तिचा संबंध नाही. त्याने मेसेज वाचल्याचं दिसत होतं. त्याने काय लिहावं? माझी आई विष विकत नाही, असं?

शेवटी मीच लिहिलं, ‘हे २०१८ चं आहे. आपल्या बाईंच्या कुर्ल्या आम्ही कालच खाल्ल्या.’

एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने लगेच लिहिलं, ‘बरोबर. पण काळजी घेतलेली बरी.’