तारीख वरच्या ओळीवरून मोजू नका

आमच्या विभागात तीन पाळ्या चालतात आणि त्यांचा ड्युटी चार्ट माझ्या टेबलावर तयार होतो. हप्त्यांची वेळापत्रकं, यंत्रांच्या देखभालीच्या तारखा, हजेरीपत्रकं हेही सगळं फिरून फिरून माझ्याकडेच येतं. म्हणजे वर्षभर मी एक्सेलमध्ये तारखाच भरत असते म्हणा ना. एवढं करून माझं एक ठाम मत झालंय, तेच आज लिहिते.

ओढण्याचं आधी उरकून टाकू, कारण ते बहुतेकांना येतं. सेलमध्ये तारीख लिहायची, उजव्या खालच्या कोपऱ्यातला चिमुकला चौकोन धरून खाली ओढायचं, एकेक दिवस वाढत जातो. दर आठवड्याची तारीख हवी असेल तर पहिल्या दोन तारखा लिहून दोन्ही सेल एकदम निवडायचे आणि मग ओढायचं. ओढताना कंट्रोल दाबून धरलं तर तीच तारीख खाली छापली जाते. साध्या आकड्याचं मात्र नेमकं उलट: नुसतं ओढलं तर तोच आकडा, कंट्रोल धरलं तर क्रमाने. असं उलटसुलट का ठेवलंय देव जाणे, पण लक्षात ठेवावं लागतं. माऊसचं उजवं बटण धरून ओढलं तर सोडल्यावर एक छोटी यादी उघडते, त्यात दिवस, कामाचे दिवस, महिने, वर्षं यातलं काय वाढवायचं ते निवडता येतं. ही यादी फार कमी लोकांना माहीत असते, आणि एकदाच लागणाऱ्या तक्त्याला ती पुरेशी आहे.

आता कुरबुरीकडे. मागे शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा लॅपटॉप घेऊनच आला. “मॅडम, हे बघा ना, ओढलं की वर्षच पुढे जातंय.” खरंच जात होतं. १३/०५/२०२५ च्या खाली १३/०५/२०२६, त्याच्याखाली १३/०५/२०२७. त्याला वाटत होतं कुठलीतरी सेटिंग बिघडली आहे. मी त्याला एवढंच विचारलं, की तारीख सेलमध्ये कुठल्या बाजूला चिकटली आहे? डावीकडे. मग ती तारीख नव्हेच, तो मजकूर आहे. मजकुराच्या शेवटी आकडा असला की एक्सेल ओढताना तो शेवटचा आकडा वाढवतं, आणि इथे शेवटचा आकडा वर्षाचा होता.

त्याच रकान्यात आणखी मोठी गंमत होती. फाईल दुसऱ्या एका प्रणालीतून उतरवलेली, आणि त्याच्या लॅपटॉपवर तारखेचा क्रम आधी महिना, मग दिवस असा. त्यामुळे प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखा उजवीकडे आणि १३ पासून पुढच्या सगळ्या डावीकडे. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरापासून एक्सेलने हात टेकले आणि मजकूर म्हणून ठेवून दिलं. उजवीकडच्या ‘बरोबर’ दिसणाऱ्या तारखा खरं तर जास्त घातक, कारण ०५/०६ म्हणजे ५ जून असं आपण वाचतो आणि आत ६ मे बसलेला असतो. डावीकडच्या तारखा डेटा टॅबमधल्या टेक्स्ट टू कॉलम्सने सुधारता येतात, तिसऱ्या पायरीवर तारीख निवडून दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगायचा. पण अर्धा रकाना उलटलेला असेल तर खात्रीचा रस्ता एकच: मूळ फाईल पुन्हा आणायची आणि आणतानाच क्रम सांगायचा. मुलाचा चेहरा पडला, पण केलं त्याने.

खरी तारीख आतून नुसता एक आकडा असते, हे एकदा पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून दिवस मोजत आलं की १ जानेवारी २०२५ ला ४५६५८ येतात. कधी रकान्यात अचानक असे पाच आकडी आकडे दिसले तर घाबरू नका, फक्त तारखेचं फॉरमॅट निघून गेलंय. आणि ‘० जानेवारी १९००’ अशी विचित्र तारीख दिसली तर फॉर्म्युला एखाद्या रिकाम्या सेलकडे बोट दाखवतोय.

या मोजणीत एक जुनी चूक आहे, मला ती फार आवडते. एक्सेलमध्ये ६० हा आकडा तारखेच्या फॉरमॅटमध्ये टाका, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस झालाच नाही. १९०० ला चारने भाग जातो, पण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जायला लागतो. लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, आणि त्यातल्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनेही ते तसंच ठेवलं. आजही आहे. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४ पासून व्हायची, त्यामुळे अशा फाईलमधून तारखा उचलून दुसरीकडे चिकटवल्या तर बरोबर १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक पडू शकतो. असला फरक दिसला तर कोणाच्या टायपिंगवर संशय घेऊ नका.

असो. आता माझं मत.

तारीख आकडा आहे म्हटल्यावर सगळे जण एकच फॉर्म्युला लिहितात: वरच्या सेलमध्ये एक मिळवा. ए३ मध्ये ए२ + १, ए४ मध्ये ए३ + १, आणि असंच खाली. दिसायला सुरेख. पण पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत चालणाऱ्या मुलांसारखं होतं ते, मधला एक जण निघून गेला की मागचे सगळे भरकटतात. मधली एक ओळ डिलीट करून बघा, तिथून शेवटपर्यंत संदर्भ हरवल्याची एरर. तक्ता दुसऱ्या रकान्यावरून सॉर्ट करून बघा, तारखांचा पत्ता लागणार नाही.

महिन्यांत तर साखळी गुपचूप चुकते, एररही देत नाही. ३१ जानेवारी २०२५ पासून दर महिन्याचा हप्ता लावायचा आहे. ईडेट या फंक्शनला एक तारीख आणि किती महिने पुढे हे दिलं की ते ती तारीख काढून देतं. वरच्या सेलवरून एकेक महिना पुढे नेलं, तर २८ फेब्रुवारी येतो, मग २८ मार्च, मग २८ एप्रिल. फेब्रुवारीत एकदा घसरलेली तारीख पुन्हा वर येतच नाही, कारण मार्चच्या सेलला ३१ जानेवारी माहीतच नाही, तिला फक्त वरचा २८ दिसतो. काही जण त्यावर उपाय म्हणून ३० मिळवतात. ३१ जानेवारीत ३० मिळवले की २ मार्च, म्हणजे फेब्रुवारीचा हप्ताच गायब.

म्हणून प्रत्येक तारीख पहिल्या तारखेपासून मोजायची, वरच्या ओळीपासून नाही. त्यासाठी लागणारी गोष्ट प्रत्येक तक्त्यात आधीपासून असते: अनुक्रमांकाचा रकाना. माझ्या तक्त्यात पहिली तारीख वर एकटी, बी१ मध्ये बसते. चौथ्या ओळीपासून ए रकान्यात १, २, ३ असे साधे, टाइप केलेले अनुक्रमांक. बी रकान्यात फॉर्म्युला: बी१ अधिक ए४ वजा १. बी१ वर एफ४ ही कळ दाबून दोन डॉलर लावायचे, म्हणजे फॉर्म्युला खाली उतरला तरी तो तिथेच खिळून राहतो. एवढंच. मग ओळ काढा, सॉर्ट करा, काही बिघडत नाही, कारण कुठलीच ओळ दुसऱ्या ओळीच्या भरवशावर नाही.

आठवड्यासाठी अनुक्रमांकातून एक वजा करून सातने गुणायचं. हप्त्यांसाठी ईडेटला बी१ आणि अनुक्रमांक वजा एक द्यायचं, की ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल असं नीट येतं. फक्त ‘३० तारखेचा हप्ता’ आणि ‘महिनाअखेरचा हप्ता’ यात गल्लत नको. ३० एप्रिलपासून सुरू केलं तर ईडेट पुढे ३० मे देणार. महिनाअखेरच हवी असेल तर ईओमंथ वापरायचं, ते नेहमी महिन्याचा शेवटचा दिवस देतं. कागदावर काय ठरलंय ते आधी वाचा, मग फंक्शन निवडा.

पाळ्यांच्या चार्टमध्ये ही पद्धत खरी कामाला येते. तिथे एकेक तारीख तीन ओळींत लागते: पहिली पाळी, दुसरी, तिसरी. लोक तीन-तीनदा कॉपी करत बसतात. मी अनुक्रमांकातून १ वजा करते, तीनने भागते, अपूर्णांक सोडून देते आणि उरलेला पूर्णांक पहिल्या तारखेत मिळवते. अनुक्रमांक ७ च्या ओळीचं बघा: ७ वजा १ सहा, भागिले तीन दोन, म्हणजे पहिल्या तारखेनंतर दोन दिवस, महिन्याची ३ तारीख. त्याच भागाकारात बाकी काय उरते त्यावरून पाळी कळते: ० उरली तर पहिली, १ उरली तर दुसरी, २ उरली तर तिसरी. अपूर्णांक सोडणारं इंट आणि बाकी देणारं मॉड, दोन छोटी फंक्शन्स, आणि ३० दिवसांच्या ९० ओळी तयार. चार पाळ्या झाल्या तर तीनच्या जागी चार.

कामाचे दिवस भरताना उजव्या बटणाच्या यादीतला पर्याय शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतो. आमचा शनिवार चालू, त्यामुळे तो माझ्या उपयोगाचा नाही. वर्कडे डॉट इंटल या फंक्शनमध्ये सुट्टीचा वार सांगता येतो. ११ लिहिलं की फक्त रविवार. आडवेतिडवे वार असतील तर सोमवारपासून सुरू होणारी सात आकड्यांची माळ अवतरणचिन्हांत द्यायची, कामाच्या दिवसाला ० आणि सुट्टीला १. सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच दिवस हवे असतील तर ०१०१०११. सणासुदीच्या सुट्ट्यांची यादी बाजूला लिहून शेवटी जोडता येते, तिलाही डॉलर लावायला विसरू नका. आणि एक बारकी गोष्ट, जी फार जण सोडून देतात: सुरुवातीची तारीख स्वतः सुट्टीची आहे का, हे फंक्शन तपासत नाही, ते तिच्यानंतरचे कामाचे दिवस मोजतं. म्हणून त्याला बी१ न देता बी१ वजा १ द्यायचं, आणि किती दिवस पुढे या जागी सरळ अनुक्रमांक. १ तारीख रविवारी आली तरी पहिल्या ओळीत २ तारीख येते.

दिवसाला एकच ओळ असलेल्या तक्त्यात, महिना २८ चा असो की ३१ चा, मी ओळी ३१च ठेवते. येणारी तारीख बी१ च्या महिनाअखेरीपेक्षा मोठी असेल तर सेल रिकामा, नाहीतर तारीख, अशी एक इफ पुरते. वरच्या ओळीवर टांगलेल्या तक्त्यात हीच अट घातली, तर फेब्रुवारीत रिकाम्या सेलमध्ये एक मिळवायला जाऊन खालच्या ओळी एरर दाखवतात.

नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये सीक्वेन्स नावाचं फंक्शन आहे. किती ओळी, किती रकाने, सुरुवात कुठून, पायरी कितीची, एवढं एकाच सेलमध्ये सांगितलं की पूर्ण रकाना आपोआप भरतो. झकास आहे. तरी रोज हाताळायच्या तक्त्यात मी ते घालत नाही. खाली एखाद्या सेलमध्ये कोणी काही लिहून ठेवलं की एक्सेलमध्ये सगळी माळ गायब होऊन एकच एरर उरते, मधली एखादी तारीख काढता येत नाही, आणि कोणाकडे जुनी आवृत्ती असली की फोन मलाच येतो.

वाराचं नाव वेगळं ओढू नका, तारखेवरूनच घ्या: शेजारच्या सेलमध्ये तीच तारीख आणायची आणि फॉरमॅटमध्ये चार वेळा डी. तारीख बदलली की वार आपोआप बदलतो.

राहिली बी१ ची गोष्ट. ती एक तारीख बदलली की सगळा चार्ट नव्या महिन्याचा होतो, पण त्याच्यासमोर भरलेली जुनी नावं जागची हलत नाहीत. म्हणून महिना संपला की आधी शीटची प्रत काढायची, जुन्या शीटमधला तारखांचा रकाना कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून तिथेच फक्त व्हॅल्यूज म्हणून चिकटवायचा, आणि मग नव्या प्रतीत नावं पुसून बी१ बदलायची. आणि बी१ मध्ये टुडे हे फंक्शन कधीच नको, चार्ट रोज सकाळी एक दिवस पुढे सरकेल. आजची तारीख कायमची हवी असेल तर कंट्रोल दाबून अर्धविरामाची कळ.