नोडाव्हायरस: नुसता यजमान पाहून गट ठरवू नका

नोडाव्हिरिडी हे आरएनए विषाणूंचं अगदी छोटं कुल. कण साधारण 30 नॅनोमीटरचा, वीसपृष्ठी, मेदाच्या आवरणाशिवायचा. जनुकसंच जेमतेम साडेचार हजार बेसचा, तोही दोन तुकड्यांत. आरएनए-1 सुमारे 3,100 बेसचा, त्यावर पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं प्रथिन. आरएनए-2 सुमारे 1,400 बेसचा, त्यावर कवचाचं प्रथिन. दोन्ही तुकडे एकाच कणात बसतात. पेशीत शिरल्यावर आरएनए-1पासून छोटा आरएनए-3 तयार होतो. त्यावरचं बी-2 प्रथिन यजमानाची, म्हणजे विषाणू ज्यात वाढतो त्या जीवाची, आरएनए-इंटरफेरन्सची बचावफळी (विषाणूचा आरएनए तोडणारी यंत्रणा) निकामी करतं.

कुलाच्या दोन प्रजाती (जीनस), अल्फा आणि बीटा. पाठ्यपुस्तकी विभागणी सोपी आहे: अल्फा कीटकांचे, बीटा माशांचे. पण अल्फा प्रजातीचा आद्य विषाणूच या चौकटीत नीट बसत नाही. जपानमधल्या नोडामुरा इथल्या क्युलेक्स डासांतून मिळालेला हा विषाणू उंदराच्या दूधपित्या पिल्लांनाही मारतो. न्यूझीलंडच्या भुंगेऱ्यातला फ्लॉक हाउस विषाणू तर प्रयोगशाळेत यीस्टमध्ये आणि वनस्पतींच्या पेशींतही आपल्या आरएनएच्या प्रती काढतो. म्हणजे प्रती काढण्याची यंत्रणा फारशी चोखंदळ नाही; अडसर बहुधा पेशीत शिरण्याचा किंवा तापमानाचा असतो.

बीटामध्ये तापमान आणखी महत्त्वाचं. लाल ठिपक्यांच्या ग्रूपर माशाचा प्रकार 25 ते 30 अंशांत जोमाने वाढतो, स्ट्राइप्ड जॅकचा 20 ते 25, टायगर पफरचा 20च्या आसपास, बारफिन फ्लाउंडरचा 15 ते 20. नावं ज्या माशांत प्रथम सापडले त्यांची. ग्रूपर प्रकार कित्येक जातींच्या माशांत आढळतो. माशांना होणाऱ्या रोगात मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यात पोकळ्या पडतात, पिल्लं गरगर फिरतात. त्यामुळे नमुना यकृताचा नको, मेंदूचा आणि डोळ्यांचा घ्या. अगदी लहान पिल्लं असतील तर अख्खी.

आता नेहमी चुकतं ते. या आरएनएला पॉली-ए शेपूट (टोकाला ए-बेसची लांब माळ) नसते. या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरने सीडीएनए (आरएनएवरून काढलेली डीएनए प्रत) केला किंवा पॉली-ए निवडून सिक्वेन्सिंगची लायब्ररी बनवली, की विषाणू भरपूर असूनही निकाल कोरा येऊ शकतो. रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा बेसचे प्रायमर) किंवा विशिष्ट प्रायमर वापरा. पेशीसंवर्धनासाठी स्नेकहेड माशापासून काढलेली ई-11 ही पेशींची वाण (सेल लाइन) चांगली, पण इन्क्युबेटर सरसकट 25 अंशांवर ठेवला तर थंड पाण्यातला प्रकार हातचा जातो.

दुसरी चूक म्हणजे फक्त आरएनए-2 वाचून प्रकार जाहीर करणं. तुकड्यांची अदलाबदल होते. भूमध्य सागराच्या परिसरात गिल्टहेड सीब्रीम माशामध्ये ग्रूपर प्रकाराचा आरएनए-1 आणि स्ट्राइप्ड जॅकचा आरएनए-2 असलेले विषाणू मिळाले आहेत. दोन्ही तुकडे वाचा आणि दोन्ही लिहा, आरएनए-1 आधी. सीरमवरही विसंबू नका: ग्रूपर आणि बारफिन एकाच सीरोटाइपमध्ये (प्रतिपिंडांनी ओळखल्या जाणाऱ्या गटात) येतात.

कोळंबीचे नोडाव्हायरस अजून अवघड. गोड्या पाण्यातल्या मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीत पांढऱ्या शेपटीचा रोग करणारा विषाणू अल्फा आणि बीटा दोन्हींपासून दूर पडतो. ‘गॅमानोडाव्हायरस’ ही त्याच्यासाठी सुचवलेली प्रजाती. त्याच्यासोबत बहुतेकदा 15 नॅनोमीटरचा एक उपग्रह विषाणूही (दुसऱ्या विषाणूच्या मदतीने वाढणारा) सापडतो, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. मोठ्या कोळंब्या लक्षणं न दाखवता विषाणू वाहतात, मरतात ती पिल्लं. म्हणून हॅचरीत तपासणी बीजाच्या आधी, अंडी देणाऱ्या माद्यांपासून सुरू करा.