आज गाय आलीच नाही

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पुढे उरलेल्या थायरॉइड पेशी मारायला रेडिओॲक्टिव्ह, म्हणजे किरणोत्सारी, आयोडीन घ्यायचं ठरलं. त्यासाठी महिनाभर थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची, गोळी बंद. आयोडीनयुक्त मीठ, दूध, अंडी, मासे सगळंच बंद. तिसऱ्या आठवड्यात मला जिना चढवेना. पुण्याच्या एप्रिलमध्ये मी स्वेटर घालून बसायचे.

पाठ दुखत होती म्हणून डॉक्टरांनी आधी बोन स्कॅन सांगितला. सकाळी आठला पोचले, तर टेक्निशियन म्हणाला, "ताई, आज गाय आलीच नाही."

गाय म्हणजे टेक्नेशियमचा जनरेटर. टेक्नेशियम हा बोन स्कॅनसाठी शिरेतून देतात तो किरणोत्सारी पदार्थ. शिशाच्या आवरणात एक छोटी नळी, तिच्यात मॉलिब्डेनम-९९, त्याचंच हळूहळू टेक्नेशियम होत राहतं. रोज सकाळी त्यातून सलाइन सोडून टेक्नेशियम काढतात, धार काढावी तसं. टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, मॉलिब्डेनम ६६ तासांत. तिथली गाय युरोपातून विमानाने यायची. दोन दिवस वाटेत गेले की ४० टक्के माल वाटेतच संपला. साठा करून ठेवायची सोयच नाही.

स्कॅन आठवडाभर लांबला. स्कॅन झाल्याशिवाय आयोडीन नाही, म्हणून गोळी आणखी एक आठवडा बंद. त्या रात्री मी खूप रडले.

स्कॅन स्वच्छ आला. मग आयोडीन मागवलं, आणि ते सांगितलेल्या गुरुवारीच आलं! ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमपासून तयार झालेलं, वाशीच्या 'ब्रिट' या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतून गाडीने घाट चढून आलेलं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, त्यालाही थांबायला वेळ नसतो. पण इथे ना विमान, ना कस्टम. तरी मी निर्धास्त नाही. ट्रॉम्ब्याचीच जुनी अणुभट्टी सायरस २०१० मध्ये बंद झाली, ध्रुव १९८५ पासून चालतेय. अशा वैद्यकीय आयसोटोपसाठी, म्हणजे उपचार-तपासणीच्या किरणोत्सारी पदार्थांसाठी, खासगी भागीदारीतून नवी अणुभट्टी उभारायची घोषणा मे २०२० मध्ये झाली होती. ती लवकर उभी राहावी, असं मला फार वाटतं.

शिशाच्या जड डबीतून कॅप्सूल निघाली, १०० मिलिक्युरीची. गिळली, पाणी प्यायले, दार बंद झालं. मग लिंबाच्या गोळ्या चघळायच्या, भरपूर पाणी प्यायचं, फ्लश दोनदा ओढायचा. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या लोकांनी एक मीटर अंतरावर उभं राहून किरणोत्सार मोजायचं यंत्र धरलं, आकडा वहीत लिहिला आणि म्हणाले, "ताई, घरी चला. लेकीला मात्र एवढ्यात जवळ घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे उपाशीपोटी मी थायरॉक्सिनची बाटली उघडली.