ऐंशी ऐंशी रुपये
आज मालवणला ताईकडे गेलो असता तिने पासबुक पुढे ठेवले आणि आमसुलांच्या विक्रीतून साठवलेले पैसे कुठे गेले ते पाहायला सांगितले. दोन पानांवर तीच नोंद पुन्हा पुन्हा छापलेली होती : ८० रुपये, एकूण ८६ वेळा, म्हणजे ६,८८० रुपये. यूपीआयचा पिन भाच्याला ठाऊक होता आणि बँकेचे मेसेज तो लगेच पुसत असे.

हे पैसे ज्यात गेले तो मोबाइलवरचा खेळ पडवीत बसून त्याने मला दाखवला. पैसे भरून आधी हिरे घ्यायचे, मग त्या हिऱ्यांवर चक्र फिरवायचे. हवी असलेली बंदूक मिळेलच असे नाही, बहुधा एखादी टोपी हाती लागते, म्हणून पुन्हा फिरवायचे. बंदुकीने गोळी जोरात लागते का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "नाही मामा, फक्त आगीसारखी दिसते."

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु इथे जिंकून रोख रक्कम मिळत नसल्याने हा जुगार नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. मला तो पटत नाही. गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळताना (मीही खेळलो आहे, नाकारत नाही) समोरची नोट कमी होताना निदान दिसते. इथे रुपयांचे हिरे झाले की ते आईचे पैसे राहतच नाहीत.

ताई त्याला ओरडली नाही. तिने पिन बदलला आणि आमसुले वाळत घालायला त्याला अंगणात नेले.