साखर कारखान्यातला वॉकीटॉकी सेट आणि त्याची बॅटरी

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यातले वॉकीटॉकी सेट चोवीस तास बोलत असतात. केन यार्डातून गव्हाणीकडे, गव्हाणीवरून मिल हाउसकडे, बॉयलरवरून टर्बाइनकडे निरोप जात राहतात आणि एखादा निरोप दोन मिनिटे उशिरा पोहोचला तरी मिल थांबवण्याची वेळ येते. मी एका सहकारी कारखान्याच्या विद्युत व उपकरण विभागात काम करतो आणि या सेटची देखभाल आमच्याच विभागाकडे असते. सेट चालतो की नाही याकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण तो सुरक्षितपणे वापरला जातो की नाही याकडे फारच थोड्यांचे असते. सेटच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की लोक सर्वप्रथम अँटेनातून निघणाऱ्या लहरींबद्दल विचारतात. अनेक हंगाम हे काम केल्यानंतर माझे मत मात्र असे झाले आहे की कारखान्याच्या आवारात त्याहून मोठा धोका सेटच्या पाठीला लावलेल्या बॅटरीचा असतो, आणि ती बॅटरी कुठे काढली, कुठे ठेवली व कशी चार्ज केली यावरच बहुतेक सगळे अवलंबून असते.

आजच्या बहुतेक सेटमध्ये लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. तिच्या आवरणाच्या आत एकापुढे एक जोडलेले दोन सेल असतात. त्यांचा एकत्रित विद्युत दाब सर्वसाधारणपणे 7.4 व्होल्ट मानला जातो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो 8.4 व्होल्टपर्यंत चढतो आणि 6 व्होल्टच्या आसपास उतरला की बॅटरी संपली असे समजावे. सेलच्या आतील धन व ऋण थरांमध्ये साधारण 20 मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि त्याभोवतीचा द्रव ज्वलनशील असतो. बॅटरी उंचावरून पडली, दाबली गेली, फार तापली किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली, की हा पडदा फाटण्याची किंवा वितळण्याची शक्यता निर्माण होते. तसे झाले तर आतल्या आत शॉर्ट होऊन सेल स्वतःच्याच उष्णतेने पेट घेतो. पाच वॅटचा सेट बोलताना सुमारे दीड अँपिअर प्रवाह ओढतो, पण त्याच बॅटरीची टोके बाहेरून एकमेकांना जोडली गेली तर प्रवाह त्याच्या कितीतरी पट वाढू शकतो. चांगल्या बॅटरीत तो तोडणारे संरक्षक सर्किट असते हे खरे. स्वस्तातल्या नकली बॅटरीत ते असेलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्या गेटवरचीच गोष्ट सांगतो. रात्रपाळीच्या एका सुरक्षा रक्षकाने जादा बॅटरी पँटच्या खिशात टाकली होती आणि त्याच खिशात चाव्यांचा जुडगा व चुन्याची पत्र्याची डबी होती. काही वेळाने मांडीला चटका बसला म्हणून त्याने सगळा खिसा टेबलावर रिकामा केला. डबीच्या कडेवर काळा डाग पडला होता आणि बॅटरीच्या एका टोकाशेजारचे प्लास्टिक मऊ होऊन किंचित खाली बसले होते. त्याचे पहिले वाक्य होते, “साहेब, एवढ्याशा डबीनं काय व्हतंय?” मी त्याला डबीवरचा डाग दाखवला आणि मग फार काही समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक जादा बॅटरीसाठी झाकणाची प्लास्टिकची डबी दिली आणि डबी नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय बॅटरी हातात द्यायची नाही असे ठरवले. तंबाखू-चुना, चाव्या, सुटी नाणी, पाना, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही उघड्या टोकांना लागू देऊ नये, एवढे एकच वाक्य प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सांगितले तरी बरेच अनर्थ टळतात.

चार्जिंगची जागा हा दुसरा कळीचा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी चार्जर जिथे प्लग मोकळा असेल तिथे ठेवलेला दिसतो: लाकडी कपाटावर, कागदांच्या गठ्ठ्याशेजारी आणि कधी कधी तर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ सतत उडत असते अशा केबिनमध्ये. चार्जर टणक, न जळणाऱ्या पृष्ठभागावर, हवेशीर आणि माणसांची ये-जा असलेल्या खोलीत असावा, कारण चार्ज होताना बिघडलेल्या बॅटरीचा वास किंवा धूर वेळीच कोणाच्या तरी लक्षात यायला हवा. बॉयलर हाउसमधून आलेली बॅटरी हाताला गरम लागत असते. ती तशीच चार्जरमध्ये न ठेवता आधी निवू द्यावी. लिथियम-आयन बॅटरी 0 ते 45 अंश सेल्सियस या मर्यादेतच चार्ज करावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी ही वरची मर्यादा पत्र्याच्या केबिनमध्ये सहज ओलांडली जाते. उन्हात उभ्या केलेल्या जीपच्या डॅशबोर्डवर सेट विसरणे हाही त्याच प्रकारचा धोका आहे.

चार्जरसोबत आलेला अॅडॉप्टर बदलू नये, हे मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. काही सेटच्या चार्जरला 10 व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो, पिन मात्र बाजारातल्या 12 व्होल्टच्या अॅडॉप्टरचीही तंतोतंत बसते. पिन बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली असे मानण्याची सवय आपल्या विभागातल्या जाणकारांनाही असते, म्हणून आम्ही प्रत्येक अॅडॉप्टर आणि त्याचा चार्जर या दोन्हींवर एकच क्रमांक ऑइल पेंटने लिहून ठेवला आहे. चार्ज होत असताना सेट बंद ठेवावा. चालू सेट प्रवाह ओढत राहतो आणि बॅटरी भरल्याचे चार्जरला नीट ओळखता येत नाही. संपर्काच्या पितळी पट्ट्यांवर उसाच्या रसाचा चिकट थर आणि त्यावर बगॅसची धूळ बसली की तिथे रोध वाढतो व पट्टी तापते. अशा वेळी बॅटरी काढून कोरड्या सुती कापडाने पुसावे आणि डाग चिवट असेल तर पेन्सिलचे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे. पॉलिश पेपर लावू नये, त्याने मुलामा निघून जातो आणि पट्टी आणखी लवकर खराब होते. भिजलेली बॅटरी पूर्ण वाळल्याशिवाय चार्जरच्या जवळही नेऊ नये.

आता ज्या जागेसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. अनेक साखर कारखान्यांना आता डिस्टिलरी जोडलेली आहे आणि इथेनॉलचे उत्पादन वाढल्यापासून साठवण टाक्या व टँकर भरण्याच्या जागांवरची वर्दळही वाढली आहे. इथेनॉलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट) सुमारे 13 अंश सेल्सियस आहे, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेण्याच्या स्थितीत असते. हवेत या वाफेचे प्रमाण सुमारे 3.3 टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती गटारात, केबलच्या चरात आणि पंपाच्या खड्ड्यात साचून राहते आणि नाकाला वास येत नाही म्हणून ती नाही असे समजणारा माणूस नेमका तिच्यात उभा असू शकतो. ती पेटवायला लागणारी ऊर्जा एक मिलिज्यूलपेक्षाही कमी असते. चालू सेटची बॅटरी काढताना टोक सुटण्याच्या क्षणी जी बारीकशी ठिणगी पडते, ती दिवसाउजेडी डोळ्यांना दिसतही नाही, पण अशा वाफेसाठी ती पुरेशी ठरू शकते.

म्हणूनच अशा जागेत फक्त आंतरिक सुरक्षित प्रकारचा, म्हणजे त्या क्षेत्रासाठी प्रमाणित केलेलाच सेट न्यावा. आपल्या देशात या प्रमाणनाचा संबंध पेसो, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, या संस्थेशी येतो. तिचे मुख्यालय नागपूरला आहे आणि पूर्वीचे स्फोटके खाते ते हेच. अशा सेटमध्ये आणि त्याच्या बॅटरीत प्रवाहावर मर्यादा घालणारी रचना असते, जेणेकरून बिघाड झाला तरी बाहेर पडणारी ठिणगी वाफ पेटवण्याइतकी मोठी नसावी. इथे एक गोष्ट अजिबात विसरून चालणार नाही: प्रमाणपत्र सेट आणि बॅटरी या जोडीला असते. प्रमाणित सेटला बाजारातली स्वस्त बॅटरी लावली, किंवा तो गावातल्या दुकानात उघडून दुरुस्त करून आणला, की वरचे लेबल तसेच राहते आणि संरक्षण मात्र उरत नाही. खरेदी विभागाने दरपत्रके मागवताना “त्याच मापाची बॅटरी” असे लिहिले की ही चूक कागदावरच जन्माला येते. तिथे मूळ उत्पादकाचा भाग क्रमांक लिहायलाच हवा. शिवाय प्रमाणित सेट असला तरी त्याची बॅटरी त्या क्षेत्रात बदलू नये, चार्ज करू नये आणि बाहेरचा माइक किंवा इअरफोन तिथे जोडू वा काढू नये. आमच्याकडे डिस्टिलरीच्या फाटकाबाहेर एक पिवळी रेषा आखलेली आहे आणि बॅटरी बदलायची ती रेषेच्या बाहेरच्या बाजूलाच, असा नियम आहे.

साखरेच्या गोदामाकडे आणि बॅगिंग विभागाकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. हवेत तरंगणारी साखरेची बारीक धूळ स्फोटक असते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी अशा धुळीचा स्फोट होऊन 14 कामगारांचा बळी गेला. तिथे ठिणगीचे कारण वेगळे होते, पण साखर ही निरुपद्रवी वस्तू आहे हा समज त्या घटनेनंतर कोणीही बाळगू नये.

सेटच्या लहरींचा कारखान्यातला त्रास बहुधा माणसाच्या आधी यंत्रांना होतो. बॉयलरच्या उपकरण पॅनेलचे दार उघडे असताना कोणी शेजारी उभे राहून बोलण्याचे बटण दाबले, की ड्रम लेव्हलचा, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधील पाण्याच्या पातळीचा, आकडा पडद्यावर क्षणभर उडी मारताना मी पाहिला आहे. बटण सोडताच तो पूर्ववत होतो. स्वयंचलित नियंत्रणाने त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवला तर बॉयलर ट्रिप होऊ शकतो, म्हणजे आपोआप बंद पडू शकतो. त्यामुळे उघड्या पॅनेलजवळ बोलायचे असेल तर आधी दार बंद करावे किंवा काही पावले दूर जावे.

माणसाच्या बाबतीत सांगायचे तर या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीराच्या ऊती तापणे. ते टाळण्यासाठी सेट उभा धरावा, तोंडापासून अडीच ते पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवावा, अँटेना डोळ्यांपासून व डोक्यापासून दूर असावा आणि बोलण्याचा वेळ एकूण वेळेच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. कारखान्यातले निरोप तसे छोटेच असतात. अँटेनाचे रबर फाटून आतली तार उघडी पडली असेल तर तो सेट वापरू नये, कारण बोलताना ती तार त्वचेला लागली तर भाजते. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी सेट किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा, शर्टाच्या खिशात घालू नये आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावा.

परवान्याविषयी थोडक्यात. नेमून दिलेल्या वारंवारतेवर चालणाऱ्या सेटसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखेचा परवाना लागतो, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या सेटना 2018 च्या नियमांनुसार त्यातून सूट आहे. ऑनलाइन बाजारात ही माहिती न देताच सेट विकले जात असल्यामुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मान्यता नसलेला सेट घेताना आपण त्याच्यासोबत आलेली, कोणी तपासली आहे की नाही हे ठाऊक नसलेली बॅटरीही घेत असतो, हेही लक्षात घ्यावे.

हंगाम संपला की बॅटऱ्यांची खरी परीक्षा सुरू होते. सेट पाच-सहा महिने कपाटात पडून राहतात आणि बॅटरी सेटलाच लावलेली असेल तर ती हळूहळू पार उतरते. सेलचा दाब फार खाली गेला की आतील तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी बसून आतून शॉर्ट करू शकते. चार्जर अशी बॅटरी घ्यायला नकार देतो, त्याचे कारण हेच असते. मग कोणीतरी तिला थेट पॉवर सप्लायवर लावून “उठवून” देतो आणि ती उठतेही, पण अशी बॅटरी कामगाराच्या कमरेला बांधणे मला मान्य नाही. ती बाद करावी. ही वेळ येऊ नये म्हणून हंगामाअखेर बॅटऱ्या सेटमधून काढाव्यात, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवाव्यात, थंड व कोरड्या खोलीत एकमेकींना टोके लागणार नाहीत अशा रचून ठेवाव्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी मीटर लावून दाब पाहावा.

फुगलेली बॅटरी सेटमधून निघताना अडकते किंवा सपाट टेबलावर डुगडुगते, ही तिची ओळख. ती दाबून बसवू नये, टोचू नये, चार्ज करू नये. वाळूच्या बादलीत ठेवून बादली उघड्यावर न्यावी. बॅटरी धुमसू लागलीच तर आधी माणसे दूर करावीत, कारण तो धूर विषारी असतो, आणि नंतर भरपूर पाणी मारून तिला थंड करत राहावे, कारण विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेट घेते. बाद झालेल्या बॅटऱ्या भंगाराच्या लिलावात लोखंडासोबत जाऊ देऊ नयेत. ढिगाऱ्यात एखादी चिरडली गेली तर आग लागते आणि आमच्या आवारात शेजारीच बगॅसचे डोंगर उभे असतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 नुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यामुळे टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात साठवाव्यात, नोंदवहीत क्रमांकानिशी लिहाव्यात आणि पुरवठादाराकडे किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पावती घेऊनच सोपवाव्यात.